पौष्टिक अन्नासाठी कंपन्यांना जरूर बोलवा, पण करार हातात घेऊन

जगात आज सुमारे २६० कोटी लोकांना साधा पौष्टिक आहार परवडत नाही. आकडा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा आहे, २०२४ सालचा. आणि हे सगळे उपाशी लोक आहेत असं समजू नका, यातल्या बहुतेकांचं पोट कसंबसं भरतं, धान्य मिळतं, तेल मिळतं, साखर मिळते. परवडत नाही ते भाज्या, फळं, दूध, अंडी, मासे, म्हणजे ज्याच्या जोरावर पोरं वाढतात आणि बाळंतीण उभी राहते ते सगळं. पोट भरणं स्वस्त झालंय आणि अंगी लागणं महाग राहिलंय.

आता हे बदलायचं तर खाजगी धंद्याला बाजूला ठेवून चालणारच नाही, कारण बहुतेक अन्न लोकांच्या ताटात पोचतं ते दुकानदार, अडते, ट्रकवाले, प्रक्रिया करणारे छोटे-मोठे कारखाने आणि मोठ्या कंपन्या यांच्याच हातून. सरकार स्वतः शेतापासून ताटापर्यंत सगळं करेल हे कुठेच झालेलं नाही. त्यामुळे "कंपन्यांना यात घ्यायचं की नाही" हा वाद मला निरर्थक वाटतो, त्या आधीच यात आहेत. खरा प्रश्न हा की कुठल्या अटीवर घ्यायचं. आणि इथे माझं मत अगदी स्पष्ट आहे: वचनं, शपथा, सामाजिक जबाबदारीचे कार्यक्रम यावर भरवसा ठेवू नका, सौदा करा. लेखी, मोजता येईल असा, दोन्ही बाजूंना काहीतरी मिळेल असा आणि मोडला तर किंमत मोजावी लागेल असा.

आधी दुकानदाराच्या गल्ल्यावर बसून बघू. गरीब वस्तीतल्या छोट्या दुकानात बिस्किटाचे, चिप्सचे पुडे सहा-सहा महिने टिकतात, वजनाला हलके, लाइट गेली तरी काही होत नाही, विकले नाही गेले तर बऱ्याचदा वितरक बदलून देतो. भाजी दोन दिवसांत मान टाकते, फळाला एक डाग पडला की गिऱ्हाईक दुसरं उचलतं, दूध आणि अंड्यांना थंडावा लागतो आणि फुटतूट झाली तर नुकसान सगळं दुकानदाराच्या डोक्यावर. त्यात गिऱ्हाईक रोजच्या कमाईवर जगणारं, म्हणजे आठवड्याचं सामान एकदम नेणार नाही, आज किती खपेल याचा अंदाजच येत नाही. मग तो माणूस भाजी कमी ठेवतो आणि पुडे जास्त लावतो यात त्याचं काय चुकलं? त्याच्या जागी कोणीही हेच करेल. त्याला पोषणावर भाषण देऊन काही होणार नाही, त्याची जोखीम कोणीतरी वाटून घेतली तरच काहीतरी हलेल.

आणि ही जोखीम वाटून घेण्याची युक्ती कोणाला आधीपासून नीट कळलीये माहितीये? थंड पेयांच्या कंपन्यांना. कितीतरी देशांत छोट्या दुकानातला फ्रिज हा दुकानदाराचा नसतोच, कंपनीने दिलेला असतो, फुकट किंवा नाममात्र पैशात, दुरुस्तीही तेच बघतात, आणि बदल्यात अट अशी की आत आमच्याच बाटल्या राहतील. दुकानात फ्रिज एकच, जागा एकाच फ्रिजची, म्हणजे दुधाला किंवा ताकाला तिथे शिरायची सोयच राहत नाही. युरोपात हा विषय इतका पुढे गेला की २००५ मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युरोपीय संघाचा कारभार बघणाऱ्या संस्थेने, कोका-कोलाकडून कायद्याने बंधनकारक अशी हमी घेतली, त्यात एक कलम असं होतं की दुकानात थंड पेयांसाठी कंपनीचा फुकट फ्रिज सोडून दुसरी सोय नसेल तर त्या फ्रिजमधली निदान २० टक्के जागा दुकानदार त्याला हवं ते ठेवायला वापरू शकेल. तो निर्णय स्पर्धेच्या कायद्याखाली झाला, पोषणाशी त्याचा थेट संबंध नव्हता. पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते, की दुकानात काय मिळतं हे गिऱ्हाइकाच्या आवडीवर जेवढं ठरतं तेवढंच ते कोणी कोणाला काय दिलं आणि बदल्यात काय लिहून घेतलं यावरही ठरतं. कंपनी फ्रिज देऊन अट घालू शकते तर नगरपालिका किंवा सरकार का नाही घालू शकत?

घालू शकतं, आणि एका शहराने ते करून दाखवलंय. ब्राझीलमधलं बेलो होरिझोंते. १९९३ मध्ये पात्रुस अनानियास महापौर असताना त्या शहराने ठरवलं की अन्न हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो देणं ही शहराची जबाबदारी आहे, त्यासाठी पालिकेत स्वतंत्र खातं काढलं. त्यांनी बऱ्याच गोष्टी केल्या, स्वस्त जेवणाची सार्वजनिक उपाहारगृहं काढली, शाळेतलं जेवण सुधारलं, पण मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती त्यांची खाजगी विक्रेत्यांबरोबरची व्यवस्था. शहराकडे काय होतं? मोक्याच्या जागा, जिथे दिवसभर माणसांची वर्दळ असते. विक्रेत्याला काय हवं असतं? नेमकं तेच. मग पालिकेने त्या जागा खाजगी विक्रेत्यांना दिल्या आणि सांगितलं की साधारण वीस ठरावीक वस्तू, त्यात भाज्या-फळंही, आम्ही ठरवू त्या कमी दराने विकायच्या, बाकी दुकानात तुम्ही काय विकता, काय भावाने विकता त्यात आम्ही पडणार नाही. शिवाय चांगली जागा मिळालेल्यांवर अशीही अट होती की शनिवार-रविवारी ट्रक भरून शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत जायचं आणि तिथेही माल विकायचा.

यात दानधर्म कुठेच नाही हे बघा. विक्रेत्याने नफा कमावला, आणि कमावूदे की, त्यासाठीच तो आलाय. पालिकेने रोख सबसिडी वाटण्याऐवजी स्वतःकडे असलेल्या जागेची किंमत वापरली. गरीब वस्तीतल्या बाईला शनिवारी दारात भाजी मिळाली आणि ती तिच्या ऐपतीत बसली. त्याच्या जोडीला पालिकेने विद्यापीठातल्या लोकांकडून सुपरमार्केटांतल्या आवश्यक वस्तूंचे भाव गोळा करायला लावले आणि कुठे काय स्वस्त आहे ते लोकांना दिसेल असं बस स्टॉपवर वगैरे लावायला सुरुवात केली, म्हणजे ज्या दुकानांशी करार नव्हता त्यांच्यावरही थोडा वचक बसला. आणि या सगळ्या अन्नविषयक कार्यक्रमावर शहराच्या बजेटचे दोन टक्केसुद्धा खर्च होत नव्हते. मला हे वाचताना दरवेळी वाटतं की पैसे नाहीत हे कारण आपण फार लवकर पुढे करतो, रिकाम्या सरकारी जागा, बस डेपोचे कोपरे, दवाखान्यांची आवारं, परवाने, हे सगळं भांडवलच आहे आणि ते बऱ्याचदा एकही अट न घालता देऊन टाकलं जातं.

सरकारच्या हातात दुसरी मोठी गोष्ट म्हणजे खरेदी. शाळा, दवाखाने, तुरुंग, सैन्य, वसतिगृहं, सगळीकडे रोज जेवण शिजतं आणि त्याचा माल कोणीतरी विकतच असतं. ब्राझीलनेच २००९ मध्ये कायदा केला की शालेय जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले निदान ३० टक्के पैसे कुटुंबाने कसलेल्या छोट्या शेतांच्या मालावर खर्च झाले पाहिजेत. छोट्या उत्पादकाला यातून जे मिळतं ते अनुदानापेक्षा मोठं आहे, त्याला पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक आज माहीत असतं, त्यावर तो कर्ज काढू शकतो, गोदाम बांधू शकतो, चार लोक एकत्र येऊन गाडी घेऊ शकतात.

अमेरिकेतलं उदाहरण आणखी बारकाईने बघण्यासारखं आहे. तिथे गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालच्या गरीब मुलांसाठी विक (इंग्रजी आद्याक्षरं WIC) नावाची सरकारी योजना आहे, १९७० च्या दशकापासूनची, ज्यात ठरावीक वस्तू मान्यताप्राप्त दुकानातून घेता येतात. २००९ मध्ये तिच्या यादीत भाज्या, फळं, अख्ख्या धान्याचे पदार्थ आले, आणि दुकानदाराला मान्यता टिकवायची तर या वस्तू थोड्या तरी ठेवणं भाग पडलं. नंतर झालेल्या पाहण्यांत दिसलं की गरीब वस्त्यांतल्या छोट्या दुकानांतही असा माल वाढला. आणि एकदा दुकानात भाजी आली की ती फक्त योजनेतल्या बाईला दिसते असं नाही ना, शेजारच्या घरातलाही घेतो. म्हणजे एका बाजूने गिऱ्हाइकाच्या हातात पैसे दिले आणि दुसऱ्या बाजूने दुकानदाराला अट घातली, दोन्ही एकदम. नुसतं गिऱ्हाइकाला पैसे देऊन माल नसेल तर काय उपयोग, आणि नुसता माल ठेवायला लावला आणि घ्यायला पैसेच नसतील तर तो सडणार.

हे मी मुद्दाम सांगतोय कारण "वस्तीत एक मोठं सुपरमार्केट आणा, प्रश्न सुटेल" हा विचार फार लोकप्रिय आहे. फिलाडेल्फियात अशा एका वस्तीत सरकारी मदतीने सुपरमार्केट उघडलं, २०१४ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तर दिसलं काय, की लोकांना चांगला माल जवळ मिळतो याची जाणीव वाढली पण भाज्या-फळं खाण्यात फारसा फरक पडला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. दोन शिफ्ट करून आलेल्या माणसाला अंतराइतकाच भाव, वेळ, शिजवायचं इंधन आणि दमणूक या गोष्टी अडवतात. दुकान ही एक कडी झाली. त्या सुपरमार्केटला मदत देताना कुठल्या वस्तू कुठल्या भावाने मिळतील हे लिहून घेणं म्हणूनच जास्त महत्त्वाचं.

आता वचनांकडे येतो. मोठ्या कंपन्या मंचावर येऊन सांगतात, आम्ही अमुक सालापर्यंत साखर कमी करू, मीठ कमी करू. सगळ्या खोटं बोलतात असं माझं म्हणणं नाही, त्यांच्यात मनापासून काम करणारी माणसं असतात. पण गणित त्यांच्या विरोधात असतं. एका कंपनीने गोडवा कमी केला आणि दुसरीने नाही केला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार, म्हणजे चांगलं वागणाऱ्यालाच शिक्षा. ब्रिटनने सक्तीचा कर आणि ऐच्छिक वचनं हे दोन्ही प्रयोग एकाच काळात, बऱ्याच अंशी एकाच उद्योगावर केले म्हणून ते उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. साखरयुक्त थंड पेयांवर कर जाहीर झाला २०१६ मध्ये आणि लागू झाला एप्रिल २०१८ मध्ये, मधली दोन वर्षं कंपन्यांना बदलासाठी. कराची रचनाही हुशारीची, १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य, ५ ते ८ पर्यंत एक दर, ८ च्या वर जास्त दर. कंपन्यांनी कर भरण्यापेक्षा साखर कमी केली, कितीतरींनी तर कर लागू व्हायच्या आधीच केली. २०१५ ते २०२० मध्ये या कराखाली येणाऱ्या पेयांतली सरासरी साखर साधारण ४६ टक्क्यांनी उतरली. त्याच काळात बिस्किटं, केक, चॉकलेट, गोड दही वगैरेंसाठी ऐच्छिक कार्यक्रम होता, उद्दिष्ट २० टक्के कपातीचं, हाती लागले जेमतेम साडेतीन टक्के.

तोच देश, तेच सरकार, तेच गिऱ्हाईक.

अर्थात ऐच्छिक म्हणजे सगळं वायाच असंही नाही. ब्रिटनमध्येच मिठाच्या बाबतीत सरकारी अन्न संस्थेने २००३ पासून पदार्थागणिक लक्ष्य ठरवलं, मोजमाप ठेवलं, कोण मागे आहे ते उघड केलं, आणि ऐकलं नाहीत तर कायदा करू ही भीती पाठीशी होती, तर लोकांच्या पोटात जाणारं मीठ २००१ च्या सुमाराच्या दिवसाला साडेनऊ ग्रॅमवरून २०११ पर्यंत ८.१ ग्रॅमवर आलं. मग २०११ मध्ये हे काम उद्योगांबरोबरच्या सैलसर करारात ढकललं गेलं आणि वेग मंदावला. तेव्हा ऐच्छिक की सक्तीचं या शब्दांवर भांडण्यापेक्षा कोणी मोजतंय का, आकडे सगळ्यांना दिसतात का, आणि न करणाऱ्याचं काय होतं, हे विचारावं.

सगळ्यांना एकच नियम लावला तर धंदा किती मोठं काम सहज करून टाकतो याचं जुनं उदाहरण आयोडीनयुक्त मीठ. स्वित्झर्लंडमध्ये १९२२ मध्ये आणि अमेरिकेत १९२४ मध्ये त्याची सुरुवात झाली, पुढे कितीतरी देशांनी ते कायद्यात घातलं, आणि गलगंड आणि आयोडीनअभावी खुंटणारी बुद्धी ही जगभर मागे हटली. मीठ बनवणारे खाजगीच होते. खर्च किरकोळ, गिऱ्हाइकाला सवय बदलायची गरज नाही. जिथे जिथे असं काम आहे, पिठात लोह आणि फॉलिक ॲसिड, तेलात जीवनसत्त्व अ, तिथे कारखान्यांना सोबत घ्यायला उशीर करू नये, फक्त पाकिटावर जे लिहिलंय ते आत आहे का हे तपासणारी प्रयोगशाळा सरकारकडे पाहिजे.

पण सगळंच असं सोपं नसतं, आणि धंद्याची मर्यादा कुठे येते तेही प्रामाणिकपणे बघायला हवं. बांगलादेशात २००६ मध्ये गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या बँकेसाठी ओळखला जाणारा ग्रामीण समूह आणि दही-दूध बनवणारी फ्रेंच कंपनी दानोन यांनी एकत्र येऊन पोषकद्रव्यं घातलेलं दही काढलं, शक्ती दोई, नफा वाटून घ्यायचा नाही या बोलीवर. गावातल्या बायका घरोघर जाऊन विकायच्या. हेतूबद्दल शंकाच नको. पण २००८ मध्ये दुधाचे भाव चढले, कपाचा भाव वाढवावा लागला आणि गावांतली विक्री एकदम कोसळली. मग कप छोटा केला, भाव खाली आणला, आणि शहरातल्या दुकानांतही दही न्यायला लागले म्हणजे तिथल्या विक्रीवर गावाचा भार उचलता येईल. मला यातून एवढंच कळतं की सगळ्यात गरीब थर असा आहे की नफा शून्य धरला तरी खर्चाला पुरेल इतका भाव त्याला झेपत नाही. ती फट कोणीतरी भरायला लागते, सरकारने, शहरातल्या गिऱ्हाइकाने किंवा गिऱ्हाइकाच्या हातात पैसे देणाऱ्या योजनेने. "बाजार करेल" म्हणून ती फट दिसत नाही असं करू नका. आणि ती कंपनीच्या चांगुलपणावर सोपवू नका, कारण दुधाचा भाव वाढला की चांगुलपणाचीही ओढाताण होते.

एक गोष्ट मला फार खटकते. खाजगी क्षेत्र म्हटलं की बैठकीला येतात त्या जगभर पसरलेल्या पाच-दहा कंपन्या. गरीब देशांत गरीब माणूस जे खातो त्यातलं बरंचसं छोट्या धंद्यांतून येतं, भाजी गोळा करणारा, पंधरा-वीस माणसांची डेअरी, कोंबड्या पाळणारी बाई, डाळ भरडणारी छोटी गिरणी. त्यांची अडचण वेगळीच. बचत गटाच्या कर्जापेक्षा त्यांना जास्त लागतं आणि बँकेला ते फार छोटे आणि धोक्याचे वाटतात. शेतातून निघालेल्या मालातला सुमारे १३ टक्के माल दुकानापर्यंत पोचायच्या आधीच जगभरात वाया जातो असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेचा अंदाज आहे, आणि तो वाचवणारं काम, सावलीतलं गोदाम, छोटा कोल्ड रूम, नीट क्रेट, हे याच लोकांच्या हातात आहे. त्यांना कर्जाची हमी द्या, सामायिक कोल्ड स्टोरेज द्या, तपासणीचा खर्च कमी करा, आणि बदल्यात अट तीच, ठरावीक माल ठरावीक वस्तीत ठरावीक भावाने. न्यूयॉर्कने २००८ मध्ये फक्त ताजी फळं-भाज्या विकणाऱ्या गाड्यांसाठी १००० वेगळे परवाने काढले, ते फक्त ज्या भागांत अशा मालाची टंचाई होती तिथेच चालणारे. परवाना ही कागदाची गोष्ट, पण फेरीवाल्यासाठी त्याच्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही.

आणि शेवटी टेबलावर कोण कुठे बसतो तेही ठरवून घ्यायला पाहिजे. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा इतिहास विसरता कामा नये. कंपन्यांनी जिथे पाणी स्वच्छ नाही आणि पावडर परवडत नाही अशा ठिकाणी जाहिराती केल्या, आयांचं अंगावर पाजणं सुटलं, बाळं दगावली, तेव्हा कुठे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेत, ११८ विरुद्ध १ अशा मतांनी या जाहिरातींवर आंतरराष्ट्रीय संहिता आली. म्हणून नियम बनवताना कंपनीचं म्हणणं ऐकावं, तिला कारखान्यातलं जे कळतं ते आपल्याला कळत नाही, पण नियम लिहिताना पेन तिच्या हातात नको. मीठ किती, साखर किती, मुलांना काय जाहिरात दाखवायची हे ठरवणारे लोक वेगळे, आणि ते कसं गाठायचं हे सांगणारे वेगळे. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले आणि मुलांना भुलवणारी कार्टून चित्रं पाकिटांवरून हटवायला लावली, उद्योगाचा विरोध असताना. शिक्का टाळायला मग काही कंपन्यांनी पदार्थच बदलले.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादं सरकार किंवा पालिका सांगेल की पौष्टिक अन्नासाठी आम्ही अमुक उद्योगसमूहाबरोबर भागीदारी केलीये, तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी करार मागा. कुठल्या वस्तू, कुठल्या भावाने, कुठल्या वस्त्यांत, आठवड्यातले किती दिवस. बदल्यात जागा दिली, कर माफ केला की खरेदीची हमी दिली, आणि त्याची किंमत किती. तपासणार कोण आणि त्याला पगार कोण देणार. अट मोडली तर जागा किती दिवसांत परत घेणार. हा कागद लोकांना वाचायला मिळाला पाहिजे, ज्या वस्तीसाठी केलाय तिथल्या दुकानाच्या दारावर तो लावलेला असला पाहिजे, त्यांच्या भाषेत, म्हणजे ठरलेल्या दिवशी भाजीची गाडी आली नाही तर कोणाला फोन करायचा हे तिथल्या बाईला कळेल.